डोंगर, दोर आणि ऑफिस



दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून महिनाभर इकडे फिरकले नव्हते. आता अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की माझ्याच जुन्या लेखांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मला टोचायला लागल्या आहेत! असो. आज लिहायला बसले त्याला निमित्त आहे माझा भाचा.

धाकट्या बहिणीचा हा मुलगा हिंजवडीला एका कंपनीत आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला. थालीपीठं केली होती. हा मुलगा एरवी चार खातो, त्या दिवशी दोनवर हात धुतला. पस्तीस वर्षं वर्गावर उभी राहिलेली बाई मी, कुणाचं काहीतरी बिनसलंय हे मला चेहऱ्यावरून कळतं. पण विचारायचं नाही, आपोआप सांगतात. चहा झाल्यावर त्याने सांगितलं.

त्याच्या ऑफिसने सगळ्या टीमला दोन दिवस मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर नेलं होतं. हल्ली याला ‘टीम बिल्डिंग’ म्हणतात. सकाळी एक ट्रेनर आले, त्यांनी पडद्यावर एव्हरेस्टची चित्रं दाखवली, शिखर, झेंडा, ‘अशक्य काहीच नाही’ वगैरे. मग खेळ. रस्सीखेच, डोळे बांधून चालणं, आणि एक खेळ असा की डोळे मिटून पाठमोरं मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. म्हणजे विश्वास वाढतो. बाळंतपणाच्या रजेवरून चार महिन्यांपूर्वीच परत आलेली त्यांच्यातली एक मुलगी आधी घाबरली, पण पडली. सगळ्यांनी झेललं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

हे शनिवारी. सोमवारी ऑफिसात मीटिंग झाली. एक काम उशिरा गेलं म्हणून ग्राहकाने तक्रार केली होती. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याच मुलीला धारेवर धरलं. खरं तर तिच्याकडे काम पोचलंच सहा दिवस उशिरा, आणि पोचलं होतं माझ्या भाच्याकडून. हे टेबलाभोवतीच्या निदान चौघांना माहीत होतं. कुणी तोंड उघडलं नाही. ह्यानेही नाही.

“मावशी, शनिवारी तिला झेलायला सगळ्यात पुढे मीच होतो गं,” एवढं म्हणून तो गप्प झाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “तू शाळेतल्या मुलांना इतकी वर्षं गडांवर नेत होतीस. तुला काय वाटतं, ह्या सगळ्याचा काही उपयोग असतो का?”

त्याला तेव्हा जे तुटक तुटक बोलले, ते आज नीट लिहून काढते आहे.

सगळी नाटकं आहेत, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आमच्या ह्यांनी हयात असते तर नक्की तेच म्हटलं असतं. मला तसं वाटत नाही. डोंगरात माणूस जे शिकतो ते चार भिंतींत शिकवता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण डोंगर ऑफिसात आणताना त्यातलं नेमकं काय उचलायचं, तिथे चूक होते.

मुळात ही कल्पना आली कुठून? कुर्ट हान नावाचे एक जर्मन शिक्षक होते. हिटलरविरुद्ध बोलल्यामुळे त्यांना १९३३ साली देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. दुसरं महायुद्ध सुरू झालं, जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजं बुडवू लागल्या. लॉरेन्स होल्ट हे एका मोठ्या जहाज कंपनीचे मालक. जहाज बुडाल्यावर लहान नावेत आसरा घेतलेल्यांपैकी तरुण, धडधाकट खलाशी आधी हार मानतात आणि पिकल्या केसांचे जुने खलाशी टिकून राहतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. कमतरता अंगातल्या ताकदीची नव्हती. एकमेकांना धरून कठीण वेळ काढण्याचा अनुभव नव्या पोरांपाशी नव्हता. म्हणून हान आणि होल्ट यांनी १९४१ साली वेल्समध्ये ॲबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा सुरू केली. समुद्र, डोंगर, कष्ट आणि दुसऱ्याला वाचवण्याचं शिक्षण. अभ्यासक्रम जवळजवळ महिन्याचा. आज जगभर जी अशी शिबिरं चालतात, त्यांचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. आपल्याकडे बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा स्टीलने साहसी उपक्रमांसाठी वेगळी संस्था काढली. बचेंद्रीबाईंनी निवृत्तीपर्यंत ती सांभाळली आणि कितीतरी लोकांना, त्यात कंपनीतले लोकही आले, खऱ्या डोंगरात नेलं.

म्हणजे कल्पना जीवनमरणाच्या प्रश्नातून आलेली आहे. महिन्याचा दीड दिवस झाला, समुद्राचा रिसॉर्टचा तलाव झाला, तरी त्यातून थोडंफार हाती लागू शकतं. पण एका अटीवर. बी.एड.ला असताना जॉन ड्युई वाचला होता (खरं सांगायचं तर परीक्षेपुरता). त्याचं म्हणणं असं की शिक्षण अनुभवातून होतं हे खरं, पण प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असं नाही. पुढे डेव्हिड कोल्ब या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ च्या आपल्या पुस्तकात याचं चक्रच मांडलं. आधी अनुभव, मग त्याकडे मागे वळून पाहणं, मग त्यातून काही अर्थ काढणं, आणि शेवटी तो अर्थ पुढच्या प्रसंगात वापरून पाहणं. चार पायऱ्या. भाच्याच्या कंपनीने पहिली पायरी उत्साहाने चढली, टाळ्या वाजवल्या, आणि जेवायला गेली. चौथी पायरी सोमवारच्या मीटिंगमध्ये होती. तिथे कुणी पोचलंच नाही.

दुसरी गोष्ट, कथा कुठल्या सांगता? मला गिर्यारोहणाच्या कथांचं वेड आहे. गुडघ्यांनी रजा घेतल्यापासून तर मी डोंगर पुस्तकांतूनच चढते. ऑफिसांमधून सांगतात ती कथा नेहमी शिखराची, आणि शिखरावर पोचलेल्या दोघांची. मी ट्रेनर असते तर के-टू या एकाच डोंगराच्या, एकामागोमाग एक वर्षांच्या दोन कथा सांगितल्या असत्या.

१९५३ साली चार्ल्स ह्यूस्टन या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली अमेरिकन गिर्यारोहक के-टूवर गेले होते. चढणारे आठ जण. निवड करताना नुसतं कसब पाहिलं नव्हतं, एकमेकांशी कोण जमवून घेईल हेही पाहिलं होतं. सगळे साधारण ७,७०० मीटरवर पोचले आणि वादळात अडकले. दिवसामागून दिवस तंबूत. त्यातच आर्ट गिल्की या त्यांच्या तरुण सोबत्याच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्याला उभं राहता येईना. त्या उंचीवरून आजारी माणसाला खाली नेणं जवळपास अशक्य, हे सगळे जाणून होते. तरी त्याला सोडून जायचा विचार कुणी केला नाही. १० ऑगस्टला त्याला झोपायच्या पिशवीत आणि तंबूच्या कापडात गुंडाळून ते दोरांवरून उतरवू लागले. एकाचा पाय घसरला, दोर एकमेकांत अडकले, पाच जण कड्यावरून खाली जाऊ लागले. वर पीट शोनिंगने आपली आइस ॲक्स एका दगडामागे रोवून दोर धरला होता. त्या एका माणसाने सगळ्यांना रोखून धरलं. त्यानंतर थोड्याच वेळात गिल्की बर्फाच्या लोटात नाहीसा झाला. बाकीचे सात जिवंत परतले. शिखर मिळालं नाही, पण गिर्यारोहणाच्या जगात आजही ही मोहीम आदराने सांगितली जाते.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, इटलीची मोहीम तिथे गेली आणि ३१ जुलैला लिनो लाचेदेल्ली आणि आकिले कोम्पान्योनी शिखरावर पोचले. देशभर जल्लोष. पण त्यांचे ऑक्सिजनचे सिलिंडर आदल्या दिवशी पाठीवरून वर आणले होते चोवीस वर्षांच्या वॉल्टर बोनाट्टीने आणि हुंझाच्या आमिर मेहदी या हमालाने. ठरलेल्या जागी तंबूच नव्हता, तो दुसरीकडेच लावला होता. अंधार पडला. दोघांनी ८,१०० मीटरवर उघड्या बर्फात, तंबू नाही की झोपायची पिशवी नाही, रात्र काढली. सिलिंडर तिथेच ठेवून पहाटे ते उतरले. मेहदीच्या दोन्ही पायांची बोटं गेली. उलट पुढे १९६४ साली बोनाट्टीवरच ऑक्सिजन वापरल्याचा आरोप वर्तमानपत्रातून झाला. तो खटला त्याने जिंकला, पण इटलीच्या गिर्यारोहण संस्थेने त्याची बाजू अधिकृतपणे मान्य करायला २००८ साल उजाडलं. चौपन्न वर्षं!

आता सांगा, टीम कुठली? शिखर गाठलेली की न गाठलेली? आणि तुमच्या ऑफिसात सिलिंडर वाहून आणणारा कोण आहे, त्याचा तंबू ठरल्या जागी आहे का?

एव्हरेस्टचीही कथा सांगावी, पण हिलरी आणि तेनसिंग यांच्या तीन दिवस आधीची. २६ मे १९५३ ला टॉम बूर्डिलाँ आणि चार्ल्स इव्हान्स हे दोघे दक्षिण शिखरापर्यंत पोचले. माथा उरला होता अवघा शंभर मीटर उंच. वेळ दुपारची, ऑक्सिजनच्या यंत्रात बिघाड, अंगात त्राण नाही. ते परत फिरले. त्याच दिवशी मोहिमेचे नेते जॉन हंट स्वतः दा नामग्याल शेर्पासोबत पाठीवर सामान घेऊन वर चढत होते. ते सामान पुढे हिलरी-तेनसिंगच्या शेवटच्या मुक्कामाला उपयोगी पडलं. नेता हमाली करतोय आणि पहिली जोडी नाव सोडून देतेय, म्हणून २९ मे उजाडला. उलट १० मे १९९६ ला एव्हरेस्टवर काय झालं? ठरलेली परतीची वेळ दुपारी दोनची. ती टळून गेली तरी माणसं वर चढत राहिली, अनुभवी नेते रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हेही थांबले नाहीत. वादळ आलं. डोंगराच्या दोन्ही बाजूंचे मिळून आठ जण गेले, त्यात आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तिघे. हॉलच्याच गटातले तीन जण मात्र सकाळीच गर्दी पाहून ‘आता वेळेत जमणार नाही’ म्हणून मागे फिरले होते. ते वाचले. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने ही घटना अभ्यासाला घेतली आहे. साहेबाला ‘नाही’ म्हणता येईल असं वातावरण नसेल तर काय होतं, याचा तो धडा आहे.

आता एवढं मोठमोठ्यांचं सांगितल्यावर स्वतःचंही सांगायला हवं. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही. नातेवाइकांपैकी काहींना आज पहिल्यांदाच कळेल.

१९९१ च्या डिसेंबरमध्ये नववीच्या बेचाळीस मुलांना घेऊन मी राजगडावर गेले होते. बरोबर आणखी एक शिक्षक. पद्मावती माचीवर डबे खाल्ले, बालेकिल्ला झाला, सुवेळा पाहिली. उतरताना चोरदरवाज्याने गुंजवण्याकडे निघालो. मी सगळ्यांच्या पुढे. आवडत्या चार हुशार मुली बरोबर, मुरारबाजी आणि बाजीप्रभूंच्या गोष्टी रंगलेल्या. दुसऱ्या सरांजवळ एका मुलीचा पाय मुरगळला होता म्हणून ते तिच्यात गुंतलेले. गावात पोचल्यावर मोजलं तर एकेचाळीस. पुन्हा मोजलं. एकेचाळीसच.

सूर्य कललेला. माझ्या पोटात जो गोळा आला तो आजही आठवतो. सर आणि गावातले दोघे परत वर निघाले. अर्ध्या वाटेत त्यांना कंदील घेऊन येणारे एक बाबा भेटले. गडावर ताक विकायचे ते. त्यांच्या हाताला धरून तो मुलगा येत होता. पद्मावती तळ्याजवळच त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. दोरीने बांधायला तो बसला, आणि सगळे पुढे गेले. अनवाणी उतरायची भीती वाटली, हाक मारायची लाज वाटली.

मी त्याला जवळ घेतलं. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, “बाई, मला वाटलं तुम्ही मोजाल.”

मंडळी, माझ्या आयुष्यात मला कुणी दिलेला सर्वांत कडक शेरा हाच. गड उतरायच्या आधी, दरवाज्याशी, मी मोजायला हवं होतं. मी मोजलं नाही. मी गोष्ट सांगत होते.

सोमवारी वर्गात मी आधी मुलांसमोर माझी चूक कबूल केली. मग प्रत्येकाला एक कागद दिला. नाव घालायचं नाही, आपण गड उतरायला लागलो तेव्हा तुम्ही काय करत होतात ते लिहा. एका कागदावर होतं, ‘त्याची चप्पल तुटलेली मी पाहिली होती. पण सांगितलं असतं तर सगळे थांबले असते आणि मला ओरडले असते.’ दुसऱ्यावर, ‘आम्ही त्याला हसलो होतो.’ मी कागद वाचून दाखवले. कुणाचे ते विचारलं नाही. बराच वेळ वर्गात कुणी बोललं नाही. मग मुलांनीच नियम केले. सगळ्यात हळू चालणारा पुढे, बाई सगळ्यात मागे, प्रत्येकाला एक जोडीदार, आणि पाणी प्यायला थांबलो की मोजायचं. निवृत्त होईपर्यंत मी त्यानंतर कधी पुढे चालले नाही. आणि खरं सांगते, मागून चाललं की वर्ग जास्त कळतो. कोण कुणाची पिशवी घेतो, कोण पाणी लपवून पितो, सगळं मागून दिसतं.

कोल्बचं चक्र मला तेव्हा माहीत नव्हतं. पण चारही पायऱ्या आम्ही चढलो होतो, आणि त्याची सुरुवात माझ्या कबुलीपासून झाली होती. मी जर ‘तू मागे का राहिलास?’ असं त्या मुलालाच विचारलं असतं, तर एकही कागद खरा लिहिला गेला नसता.

म्हणून माझं मत असं. कंपन्यांनी लोकांना डोंगरात जरूर न्यावं. रिसॉर्टऐवजी एखाद्या साध्या गडावर, वाटाड्या घेऊन, आपापली भांडी घासायला लावून न्यावं. पण साहेबाने मागून चालावं, आणि रात्री गोल करून बसल्यावर ‘आज माझं काय चुकलं’ हे त्याने आधी सांगावं. सक्ती कुणावर नको. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचं बाळ घरी असतं, कुणाला उंचीची भीती वाटते. त्यांच्या न येण्याचा हिशेब पगारवाढीच्या वेळी होता कामा नये. तळावर थांबणाराही मोहिमेतलाच असतो. आणि परत आल्यावर महिन्याभराने पुन्हा एकदा बसावं, तिथे ठरवलेलं इथे किती पाळलं ते पाहायला. फीडबॅकच्या कागदावर हसरा चेहरा काढून ते होत नाही.

एक फरक मात्र विसरू नये. डोंगरात दोराच्या दोन्ही टोकांना माणसं बांधलेली असतात. वरचा खालच्याला सोडून देऊ शकत नाही, कारण खालचा गेला तर तोही जातो. ऑफिसात तसं नसतं. तिथला दोर एका बाजूने, एका पत्राने सोडता येतो. हे माहीत असलेल्या माणसाला ‘आपण सगळे एका दोराला बांधलेले आहोत’ असं सांगितलं तर तो टाळ्या वाजवील, विश्वास ठेवणार नाही. वेळेवर घरी जाऊ देणं, ठरलेला पगार देणं, चूक वाटून घेणं, हे जिथे नाही तिथे एव्हरेस्टची चित्रं दाखवू नयेत.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, “मावशी, तुझं पटतं गं. पण त्या दोन दिवसांत माझ्याशी वर्षभर न बोललेली माणसं बोलली, हेही खरंय. आणि त्या खेळात तिला झेललं नसतं, तर सोमवारी मला इतकं लागलंही नसतं.” ह्यावर मी निरुत्तर झाले. बरोबर आहे त्याचं. दोन दिवसांच्या त्या खेळाने त्याला निदान एवढं तरी दिलं, की गप्प बसल्याचं त्याला बोचलं. मी फक्त म्हटलं, “मग आता चौथी पायरी राहिलीय.”

परवा त्याचा फोन आला. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने सांगितलं म्हणे, की त्या कामातले सहा दिवस माझ्याकडून गेले होते. मॅनेजर ‘ठीक आहे’ म्हणाला आणि पुढचा विषय घेतला. काही फार घडलं नाही. ती मुलगी बाहेर आल्यावर म्हणाली, “आठ दिवस आधी बोलला असतास तर बरं झालं असतं.” तेवढंच. धन्यवादसुद्धा नाही.

“वाईट वाटलं का रे?” मी विचारलं.

“वाटलं. पण तिचं बरोबर आहे,” म्हणाला.

या रविवारी येतोय. या वेळी चार थालीपीठांचं पीठ भिजवणार आहे.

तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत, त्यांना अशा शिबिरांचा काय अनुभव आला ते जरूर कळवा. फोटोतला नको. त्यानंतरच्या सोमवारचा सांगा.